रोलरवर वेब का घसरतो आणि पकड कशी परत आणायची

लाइन २०० मीटर प्रतिमिनिटाला निमूट चालते. वेग ३०० वर नेला की फिल्मवर लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे उमटतात, छपाईचे रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) सरकायला लागते, आणि एखादा आयडलर, म्हणजे मोटरविना फिल्मच्या ओढीनेच फिरणारा रोलर, मध्येच मंदावतो. अशा वेळी बहुतेक ठिकाणी आधी टेन्शन, म्हणजे फिल्मचा ताण, वाढवले जाते. त्याने भागले नाही तर रोलरवर रबराची किंवा कॉर्कची टेप गुंडाळली जाते. कधी हे लागू पडते, कधी पडत नाही, आणि का पडले किंवा पडले नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

घसरण हा साधा जमाखर्च आहे. एका बाजूला रोलर वेबकडून किती बळ मागतो ते, दुसऱ्या बाजूला घर्षण किती बळ देऊ शकते ते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की वेब घसरतो. म्हणून उपायाआधी एकच गोष्ट ठरवायची असते: मागणी वाढली आहे की पुरवठा आटला आहे? पुढे 'वेब' म्हणजे कागद, प्लास्टिक फिल्म, फॉइल, कापड असा कुठलाही लांबलचक लवचीक पट्टा.

घसरण नक्की कुठे आहे ते आधी शोधा

ओरखडे दिसले म्हणजे त्याच रोलरवर घसरण आहे असे समजू नका. ओरखडा पडतो एका रोलरवर आणि नजरेस येतो चार रोलर पुढे. फिल्मच्या कोणत्या बाजूला ओरखडा आहे ते पाहिले की त्या बाजूला टेकणारे रोलर तेवढे संशयित उरतात आणि अर्धे काम होते.

मग संपर्क टॅकोमीटरने (पृष्ठभागाला टेकवून वेग मोजणाऱ्या उपकरणाने) दोन वेग घ्या, वेबचा आणि रोलरच्या पृष्ठभागाचा. चाकाचा टॅकोमीटर वेब रोलरवर टेकलेला असेल तिथे धरावा, पण जिथे वेब रोलरकडे येतो त्या तोंडाशी हात कधीही नेऊ नये. रोलर आणि वेब मिळून तिथे हात आत ओढणारी चिमट तयार होते. गार्ड काढून मोजण्यापेक्षा न मोजलेले बरे.

टॅकोमीटर पोहोचत नसेल तर स्ट्रोबोस्कोप, म्हणजे ठरवलेल्या गतीने लुकलुकणारा दिवा, घ्या. प्रत्येक आयडलरच्या टोकावर एक खूण करा. नीट फिरणाऱ्या रोलरवर स्ट्रोब असा लावा की खूण स्थिर दिसेल, मग तोच प्रकाश त्याच व्यासाच्या बाकीच्या रोलरांवर फिरवा. जो घसरतो त्याची खूण हळूहळू सरकताना दिसते. पाच मिनिटांत सगळी लाइन तपासून होते. मात्र स्ट्रोबखाली फिरता रोलर थांबलेला भासतो, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आधी सांगून ठेवा.

मोजमापात थोडा फरक येणारच. वेब ताणाखाली किंचित लांबतो, आणि ड्राइव्ह रोलरच्या, म्हणजे मोटरने फिरणाऱ्या रोलरच्या, एका बाजूला ताण जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतो. त्यामुळे रोलरला वेढलेल्या भागातच वेबची लांबी थोडी बदलते आणि बाहेर पडण्याच्या बाजूला तो सूक्ष्म सरकतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी एकोणिसाव्या शतकातच चामड्याच्या पट्ट्यांबाबत ही सरक ओळखली होती. ती किती असते? १२ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म घ्या, तिचा स्थितिस्थापकता गुणांक साधारण ४ गिगापास्कल. दोन्ही बाजूंच्या ताणातला फरक रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे ५० न्यूटन असेल तर वेगातला फरक ०.१ टक्क्याच्या आसपास येतो. एवढा फरक दिसला तर काही करू नका. २ टक्के दिसला तर ती खरी घसरण आहे.

ड्राइव्ह रोलरसाठी आणखी एक चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते. त्याचा वेग मागच्या रोलरच्या तुलनेत अगदी थोडा थोडा वाढवत जा आणि मधल्या लोड सेलचे (ताणमापकाचे) आकडे लिहा. पकड आहे तोवर वेग वाढवला की ताण वाढतो. ज्या टप्प्यापासून वेग वाढूनही ताण वाढत नाही, तिथे पकड संपली. हा आकडा लिहून ठेवला तर पुढच्या वर्षी हाच रोलर गुळगुळीत झाला का ते कळते.

पुरवठ्याचा हिशेब

दोराचा वेढा खांबाला दिला की एका हाताने जहाज थोपवता येते, तेच सूत्र इथे आहे. लेओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात ते मांडले. रोलरच्या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर एका मर्यादेपर्यंतच जाऊ शकते, आणि ती मर्यादा म्हणजे 'ई' या संख्येचा (म्यू × वेढ्याचा कोन) इतका घात. 'ई' म्हणजे २.७१८, म्यू म्हणजे घर्षणगुणांक, आणि कोन रेडियनमध्ये. १८० अंश म्हणजे ३.१४ रेडियन.

म्यू ०.२ धरू. ३० अंशांच्या वेढ्यावर गुणोत्तर १.११ येते, ९० अंशांवर १.३७, १८० अंशांवर १.८७. म्हणजे कमी बाजूचा ताण १०० न्यूटन असेल तर अर्धा वेढा दिलेला रोलर दुसऱ्या बाजूला १८७ पर्यंत ताण पेलतो, पण नुसता टेकलेला ३० अंशांचा आयडलर फक्त १११ पर्यंत. फरक ११ न्यूटनचा. तो आयडलर फिरवायला यापेक्षा जास्त बळ लागले की वेब त्याच्यावरून घसरतो.

या सूत्रात म्यू आणि कोन यांचा गुणाकार आहे, म्हणून एक अर्धा झाला तर दुसरा दुप्पट करून तेवढीच पकड मिळते. म्यू ०.१ आणि १८० अंश म्हणजेच म्यू ०.२ आणि ९० अंश. रोलरची त्रिज्या या सूत्रात कुठेच नाही. 'मोठा रोलर म्हणजे जास्त पकड' हे त्यामुळे खरे नाही. वेगात तर उलटच होते, ते पुढे येईल.

वेढ्याचा कोन अंदाजाने ठरवू नका. मशीन बंद करून, लॉक करून, वेब रोलरला जिथून टेकतो तिथून जिथे सुटतो तिथपर्यंत कागदाची पट्टी ठेवून लांबी मोजा. तिला परिघाने भागून ३६० ने गुणा. ड्रॉइंगवर ९० अंश असलेला वेढा प्रत्यक्षात ७० निघणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, कारण मधल्या काळात कुणीतरी एक आयडलर हलवलेला असतो.

म्यू स्वतः मोजा

फिल्मच्या कागदपत्रांवर लिहिलेला घर्षणगुणांक बहुधा एएसटीएम डी १८९४ किंवा आयएसओ ८२९५ या पद्धतीने काढलेला असतो. ठराविक वजनाची घसरपाटी सपाट पृष्ठभागावरून ओढून तो मिळतो, आणि बरेचदा तो फिल्मवर फिल्म असा असतो. तुमच्या रोलरवर क्रोम आहे की रबर, त्यावर मेण साचले आहे की नाही, हे त्या आकड्याला माहीत नाही.

त्यासाठी एक वजन आणि एक ताणकाटा पुरतो. रोलर फिरणार नाही असा अडकवा. वेबची एक अरुंद पट्टी कापून रोलरवर टाका, तिचे एक टोक वजन बांधून लोंबत सोडा. दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावून संथपणे सरळ खाली ओढा, म्हणजे वेढा १८० अंशांचा होतो. पट्टी सरकत असतानाचा आकडा वाचा. १ किलो वजनासाठी १.९ किलो बळ लागले तर १.९ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.६४, त्याला ३.१४ ने भागले की म्यू ०.२ येतो. फोनवरचे कॅल्क्युलेटर पुरते.

ही चाचणी तीन वेळा करा: रोलर आहे तसा, रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, आणि वेबची बाजू उलटून. पुसल्यावर आकडा उडी मारून वर गेला तर निम्मे उत्तर तिथेच मिळाले. पॉलिथिनसारख्या फिल्ममध्ये इरुकामाइडसारखे घसरण वाढवणारे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ते हळूहळू पृष्ठभागावर येते, म्हणून काल बनलेली फिल्म चांगली पकडते आणि आठवडाभर पडून राहिलेली तीच फिल्म घसरते. रोलरवर जमणारी पांढुरकी भुकटी बरेचदा त्याचीच असते. 'मशीन तेच, सेटिंग तेच, तरी आज घसरते' या तक्रारीमागे अनेकदा रोलचे वय असते. म्हणून चाचणीच्या नोंदीत रोल कधी बनला ती तारीख लिहा.

मागणीचा हिशेब

आयडलर दोन कारणांनी बळ मागतो: बेअरिंगचा अडथळा आणि वेग बदलताना लागणारे जडत्वाचे बळ.

बेअरिंगचा अडथळा मोजायला रोलरच्या पृष्ठभागाभोवती दोरा गुंडाळा आणि त्याला वजन वाढवत जा. रोलर ज्या वजनाला संथ फिरू लागतो, तेवढे बळ तो वेबकडून घेणार. हाताने गरगर फिरवून सोडण्याची चाचणीही चालते. शेजारचा रोलर अर्धा मिनिट फिरत राहतो आणि हा दोन फेऱ्यांत थांबतो, तर गुन्हेगार सापडला. नवी बेअरिंगही निर्दोष समजू नका. घट्ट रबरी सील आणि ठासून भरलेले ग्रीस असलेली बेअरिंग हलक्या आयडलरसाठी जुन्या बेअरिंगपेक्षा वाईट असू शकते.

जडत्वाकडे लोक फारसे पाहत नाहीत. पातळ नळीच्या रोलरसाठी हिशेब सोपा आहे: वेबवर येणारे बळ जवळपास नळीचे वस्तुमान गुणिले वेबचे त्वरण. १०० मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची, १ मीटर लांब अ‍ॅल्युमिनियमची नळी सुमारे ४ किलो भरते. लाइन १० सेकंदांत ३०० मीटर प्रतिमिनिटाला नेली तर ती जेमतेम २ न्यूटन मागते. पण आणीबाणीत तीच लाइन २ सेकंदांत थांबवली तर ९ न्यूटन. तीच नळी पोलादी असेल तर २६ न्यूटन. आपला ३० अंशांचा आयडलर १०० न्यूटन ताणावर ११ न्यूटनच देऊ शकतो हे आठवा. अ‍ॅल्युमिनियमचा रोलर काठावर वाचला, पोलादी नक्की घसरला. प्रत्येक आणीबाणी-थांब्यानंतर थांबताना गेलेल्या लांबीवर ओरखडे का दिसतात, याचे उत्तर इथे आहे. टेन्शन सेटिंग चुकले म्हणून ते होत नाही.

वेग वाढला की हवा मध्ये येते

वरचे सगळे संथ गतीला बरोबर आहे. वेगात मात्र वेब आणि रोलर दोघेही आपल्याबरोबर हवेचा पातळ थर ओढून आणतात आणि तो त्यांच्यामध्ये पाचरीसारखा शिरतो. वेब रोलरवर किती दाबाने टेकतो? ताण भागिले त्रिज्या. मीटरमागे २०० न्यूटन ताण आणि ५० मिलिमीटर त्रिज्या असेल तर ४ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा पंचविसावा भाग. एवढ्याशा दाबाला उचलायला हवेला कष्ट पडत नाहीत.

हवेच्या थराची जाडी काढायला नॉक्स आणि स्वीनी यांनी १९७१ मध्ये दिलेले सूत्र आजही वापरले जाते. १२ × हवेची चिकटता × वेग, याला रुंदीच्या मीटरमागच्या ताणाने भागा, उत्तराचा दोन-तृतीयांश घात घ्या, आणि त्याला ०.६४३ × त्रिज्येने गुणा. हवेची चिकटता खोलीच्या तापमानाला ०.००००१८ पास्कल-सेकंद. वरच्याच उदाहरणात ३०० मीटर प्रतिमिनिट, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, या वेगाला थर सुमारे १० मायक्रॉनचा येतो. ६० मीटर प्रतिमिनिटाला साडेतीन मायक्रॉनच्या आत. हे सूत्र रुंद आणि हवा न झिरपणाऱ्या वेबसाठी आहे. सच्छिद्र कागदातून हवा निसटते आणि अरुंद पट्टीच्या कडांतूनही, त्यामुळे तिथे खरा थर पातळ असतो.

हा आकडा कशाशी ताडायचा? वेब आणि रोलर यांच्या एकत्रित खडबडीतपणाशी. दोघांच्या खडबडीतपणाच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्या. हवेचा थर त्यापेक्षा पातळ असेल तर पकड जवळपास पूर्ण. थर त्याच्या तिप्पट झाला की पकड जवळपास शून्य. मधल्या पट्ट्यात ती उतरत जाते. चकचकीत घासलेल्या क्रोम रोलरचा खडबडीतपणा १ मायक्रॉनही नसतो. १० मायक्रॉनच्या थरावर त्यावरची फिल्म अक्षरशः तरंगत असते.

त्या स्थितीत ३० अंशांच्या आयडलरवर प्रत्यक्षातला म्यू ०.०२ वर आला असे समजा. मग १०० न्यूटन ताणावर उपलब्ध बळ सुमारे १ न्यूटन. बेअरिंग २ न्यूटन मागत असेल तर तो रोलर चालत्या लाइनमध्येही मागे पडणार. संथ वेगाला मात्र तोच रोलर बिनतक्रार फिरतो, आणि मेन्टेनन्सचा माणूस येऊन 'बेअरिंग ठीक आहे' म्हणून जातो.

आता टेन्शन वाढवून पाहू. ताण दुप्पट केला तर हवेचा थर १० वरून साधारण ६.३ मायक्रॉनवर येतो. गुळगुळीत रोलरसाठी ६.३ काय आणि १० काय, फिल्म तरंगतीच आहे, आणि दुप्पट ताणाने पातळ फिल्म लांबून खराब होते ते वेगळे. वेढा वाढवला तरी हवेचा थर पातळ होत नाही. गुळगुळीत रबराचे आवरणही याच सापळ्यात अडकते. संथ वेगाला ते सुंदर पकडते, त्यामुळे हाताने ओढून पाहणारा खूश होतो, पण हवेला बाहेर जायला वाट नसेल तर वेगात रबरावरही फिल्म तरंगते. त्रिज्येचेही तेच: मोठ्या रोलरवर दाब कमी, थर जाड.

उपाय, कारण पाहून

घसरण कधी होते त्यावरून कारण ओळखा. सुरू होताना आणि थांबताना होत असेल तर जडत्व. ठराविक वेगाच्या वरच होत असेल तर हवा. सगळ्या वेगांना होत असेल तर बेअरिंग, घाण किंवा वेढा. विशिष्ट मालावरच होत असेल तर वेबचा पृष्ठभाग.

जडत्वासाठी हलके रोलर लावा, किंवा वेग चढवण्या-उतरवण्याचा काळ वाढवा. दुसरा मार्ग फुकट आहे, पण उत्पादनवाल्यांशी भांडावे लागते. आणीबाणी-थांब्याची वेळ मात्र सुरक्षेच्या नियमांतली आहे, तिला हात लावू नका. बेअरिंगसाठी हलकी सील, कमी ग्रीस किंवा पातळ तेल. फारच कमी ताणावर चालणाऱ्या वेबसाठी रोलरचा दांडाच वेबच्या वेगाने फिरवतात, म्हणजे बेअरिंगला अडवायला काही उरत नाही. घाणीसाठी ठरलेल्या वेळी पुसणे, मशीन बंद असताना. रबरावर कोणते द्रावण चालते ते आवरण करून देणाऱ्याला आधी विचारा. चुकीच्या द्रावणाने रबर फुगते किंवा कडक होते. जुने रबर तसेही वर्षांनी कडक आणि चकचकीत होते, म्हणून शोअर ए काठिण्यमापकाचा आकडा नवे असतानाच लिहून ठेवावा.

हवेसाठी तिला वाट द्या. रोलरवर खाचा पाडल्या की हवा खाचांतून निघून जाते आणि मधल्या पट्ट्यांवर वेब टेकतो. पातळ फिल्मला रुंद, खोल खाचा देऊ नका. फिल्म खाचेत वाकते आणि खाचेचा ठसा मालावर दिसतो. तिथे जवळजवळ असलेल्या, अरुंद, उथळ खाचा बऱ्या. दुसरा मार्ग खडबडीत आवरणाचा. १० मायक्रॉनच्या थरावर थोडीतरी पकड हवी तर एकत्रित खडबडीतपणा ३.३ मायक्रॉनच्या वर हवा, आणि पूर्ण पकड हवी तर १० च्या जवळ. पण खडबडीत रोलर घसरला तर तो कानशीसारखा घासतो. म्हणून संवेदनशील पृष्ठभागाच्या बाजूला मी खाचा निवडेन.

ड्राइव्ह रोलरवर एवढ्याने भागत नसेल तर निप. रबरी रोलर वेबला ड्राइव्ह रोलरवर दाबतो, हवा पिळून काढतो, आणि म्यू × दाबबळ इतकी पकड वाढते. दोन्ही टोकांचा दाब सारखा आहे का ते बंद मशीनवर पाहा: दोन्ही टोकांना कागदाच्या सारख्या पट्ट्या निपमध्ये धरून हाताने ओढा, जोर सारखा लागला पाहिजे. असमान निप एका बाजूने वेब पुढे ढकलतो आणि सुरकुत्या पाडतो. रबर दाबले गेले की त्याचा पृष्ठवेगही थोडा बदलतो, म्हणून निपचा दाब बदलला की वेग आणि ताण पुन्हा तपासावे लागतात.

पकड वाढल्यावर सुरकुत्या आल्या तर

हे होते, आणि मग आधीच्या दुरुस्तीलाच दोष दिला जातो. पकड असेल तेव्हा वेब रोलरच्या अक्षाशी काटकोन करून आत शिरायला बघतो. जॉन शेल्टन यांनी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठातल्या १९६८ च्या प्रबंधात वेबच्या आडव्या हालचालीचे गणित या नियमावर उभे केले. रोलर किंचित तिरका असेल तर वेब आडवा खेचला जातो, आणि पकड पुरेशी असेल तर पडलेली सुरकुती रोलरवरून जाईपर्यंत टिकते. आधी घसरत होते तोवर वेब स्वतःला मोकळे करून घेत होता, म्हणून तिरकेपणा लपून राहिला होता.

तपासायचे असेल तर संशयित रोलरवर काही वेळासाठी गुळगुळीत, घसरणारी टेप लावा, कडा दिसणार नाहीत अशी. सुरकुत्या गेल्या तर रोलरची समांतरता मोजून शिमने (टेकूखाली घालायच्या पातळ पत्र्याने) दुरुस्त करा, मग टेप काढा आणि त्याच वेगाला पुन्हा चालवून पाहा. टेप तशीच ठेवली तर काही आठवड्यांत ती झिजेल, आणि त्याच रोलरवर फिल्मवरचे ओरखडे परत सुरू होतील.